शून्याच्या ढिगातली कार्डं

नमस्कार. या ग्रुपवर मी दोन-अडीच वर्षं नुसती वाचक आहे. सगळ्यांचे अनुभव वाचते, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. राग मानू नका. माझे वडील हायस्कूलमध्ये सायन्सचे मास्तर. मांजर आडवं गेलं तर ते त्याला बोलावून दूध घालायचे. त्या घरात मी वाढले. पुढं नोकरी मिळाली तीही कार्डावरची भोकं वाचायची. भोक असतं किंवा नसतं... मधलं काही नसतं. पंचवीस वर्षं त्याच हिशेबानं जगले.

पण एक दुपार अशी आहे की जिचा हिशेब मला अजून लागलेला नाही. आता वय झालंय, तेव्हा लिहूनच टाकते.

सोलापूर. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन उन्हाळे गेले होते, आणि मे महिना चालू होता. मी एका कापड मिलमध्ये मशीन रूमला पंच ऑपरेटर होते. मिलचं नाव लिहीत नाही, गरजही नाही. मुंबईच्या हेड ऑफिसनं वापरून झालेली यंत्रं आमच्याकडं पाठवली होती. दोन पंचिंग मशीन, एक सॉर्टर आणि कार्डांची लोखंडी कपाटं. आजच्या मुलांना सांगायचं तर तोच आमचा कॉम्प्युटर, तोच आमचा डेटाबेस. प्रत्येक कामगाराचं एक जाड कागदी कार्ड. त्यावर ऐंशी उभे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात भोक पाडून एक अक्षर किंवा एक आकडा लिहायचा. बिल्ला नंबर, खातं, पाळी, वय, सगळं भोकांत. "अमुक खात्यातले अमुक वयाचे लोक काढा" असं साहेब म्हणाले की कार्डांचा गठ्ठा सॉर्टरला लावायचा. यंत्र एकेका रकान्यातलं भोक बघून कार्डं वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायचं. खडखडखडखड आवाज... अजून कानात आहे.

सगळ्या मिलमध्ये तेवढ्याच एका खोलीला एसी होता. माणसांसाठी नव्हे, कार्डं वाकडी होऊ नयेत म्हणून. दाराबाहेर गफूरचाचा म्हणून शिपाई स्टूल टाकून बसायचे. कापसाचं तूस आत यायला नको, म्हणून ते खात्यातल्या कुणालाच आत सोडत नसत. साहेब म्हणजे पाटणकर साहेब. आणि आम्ही दोघी ऑपरेटर, मी आणि मंगला.

मंगला माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघी एकाच डब्यात जेवायचो म्हटलं तरी चालेल. तिला शेंगाचटणी लागायची, मला तिच्या आईच्या हातची कडक भाकरी. त्या वर्षी तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि मेच्या सुरुवातीपासून ती रजेवर होती.

आता मूळ गोष्ट. आदल्या हिवाळ्यात मिलच्या दवाखान्यातर्फे रक्तगट तपासणीचा कार्यक्रम झाला होता. कुणाला अपघात झाला तर कुणाचं रक्त चालेल हे पटकन कळावं, अशी वेल्फेअर ऑफिसरांची कल्पना. काही खाती तपासून झाली, मग ते काम तसंच राहिलं. जेवढे तपासले त्यांचे फॉर्म आमच्याकडं आले. एकसष्टाव्या रकान्यात गट, बासष्टाव्यात पॉझिटिव्हला एक आणि निगेटिव्हला दोन. आणि ज्याची तपासणीच झालेली नाही त्याला शून्य. फॉर्म आम्ही दोघींनी वाटून घेतले, पंच केले, आणि विसरूनही गेलो.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास दाराबाहेर आवाज चढले. बघते तर मंगलाचे यजमान, दिनकरराव. सायकल तशीच व्हरांड्यात टाकलेली, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"कुसुमताई, मंगलाला पहाटेच दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. पण रक्त थांबत नाहीये." त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. "तिचा गट ओ निगेटिव्ह आहे. तिथं शिल्लक नाही. माझं जुळत नाही, तिच्या भावाचं जुळत नाही. पुण्याला ट्रंक कॉल लावलाय, पण यायला रात्र होईल म्हणतात. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळच्या आत एक बाटली तरी मिळवा. एका बाटलीवर तोवर निभावता येईल. मंगला म्हणाली... म्हणजे शुद्धीवर होती तेव्हा म्हणाली, कुसुमला सांगा, मिलमधली कार्डं काढ म्हणावं."

पाटणकर साहेब खुर्चीतून उठलेच. "लावा सॉर्टर!"

पाच-साडेपाच हजार कार्डं. मी पहिला गठ्ठा लावला. मी अशी कामं डोळे मिटून करायचे, पण त्या दिवशी कार्डं हातातून निसटत होती. इथं एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या यंत्रात अक्षराला दोन भोकं पडायची आणि आकड्याला एक. ओ अक्षर असेल तर कार्ड सहाच्या कप्प्यात पडायचं. शून्य असेल तर शून्याच्या कप्प्यात. शून्याचा कप्पा तर सारखा भरून वाहत होता, कारण बहुतेक मिल तपासायची राहिलेलीच होती. ती कार्डं मी उचलून बाजूच्या टेबलावर रचत गेले. आमच्या कामाचा तो ढीग नव्हता.

सहाच्या कप्प्यातली कार्डं घेतली आणि पुन्हा बासष्टाव्या रकान्यावर लावली. पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह... शेवटी निगेटिव्हच्या कप्प्यात एक कार्ड पडलं. एकच.

मी झडप घालून उचललं. दिनकरराव काचेबाहेरून बघत होते. मी नाव वाचलं.

ते मंगलाचंच कार्ड होतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी दुसऱ्या मिलच्या दवाखान्यांना फोन लावतो," म्हणाले आणि मेन ऑफिसकडं गेले. दिनकररावांना त्यांनी परत दवाखान्यात पाठवलं. बाहेर मधल्या सुट्टीचा भोंगा झाला. मी तशीच सॉर्टरपाशी उभी, हातात मंगलाचं कार्ड. तिनं स्वतःच पंच केलेलं असणार. तिची भोकं अगदी स्वच्छ पडायची.

आणि मग पाठीमागून आवाज आला. "बाई."

मी वळले. सॉर्टर आणि कपाट यांच्यामध्ये एक बाई उभी होती. तिशीच्या आतली. हिरवं जुनं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, केसांत-भुवयांत तूस. खात्यातली होती हे उघडच दिसत होतं. हनुवटीवर गोंदण. गळ्यात दोरीला पितळी बिल्ला.

मला भीती वगैरे काही वाटली नाही हे आधी सांगते. मला राग आला. "इथं कशा आलात? चाचांनी सोडलं कसं? साहेब आले तर माझ्यावर ओरडतील."

तिनं ते ऐकलंच नाही. बिल्ला हातात धरून माझ्यासमोर केला. "आमी आकड्यात न्हाय, बाई. आमी अक्षरात हाव. आमाला आकड्यात घातलंय बगा."

"काय? कसला आकडा?"

"बगा की जरा," ती म्हणाली. शांतपणे... म्हणजे भाकरी करपतीय, बघा जरा, असं कुणी सांगावं तसं.

बिल्ल्यावरचा नंबर होता ४१०७. तिच्या पगाराच्या कार्डाची काही तक्रार असेल असं मला वाटलं, आणि तिला लवकर घालवावं म्हणून मी टेबलाकडं वळले. शून्याचा ढीग बिल्ला नंबराप्रमाणेच लागलेला होता. चार हजाराचा गठ्ठा उचलला, ४१०७ काढलं. वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायचं खातं. नाव नरसव्वा. एकसष्टाव्या रकान्यात शून्य, म्हणजे तपासलेलं नाही. कार्ड परत ठेवणार, एवढ्यात शेजारच्या रकान्यावर नजर गेली.

बासष्टाव्यात दोन होता. निगेटिव्ह.

तपासलंच नाही, तर निगेटिव्ह कुठून आलं?

मी "थांबा हं" असं म्हणत वळले. खोलीत कुणी नव्हतं. एसीचा आवाज, बस्स. गेली असेल, असं मनात आलं आणि मी तो विचार तिथंच सोडला, कारण तोवर माझे हात कपाटातल्या जुन्या फॉर्मपर्यंत पोचले होते. ४१०७ चा फॉर्म सापडला. नर्सनं निळ्या शाईत गटाच्या जागी एक गोल काढला होता. छान, पूर्ण, गोल. ओ म्हणून वाचा, शून्य म्हणून वाचा. आणि खाली कोपऱ्यात, ज्यानं पंच केलं त्याची सही.

माझी.

मी त्या गोलाला शून्य वाचलं होतं. मंगलानं तिच्या वाट्याच्या फॉर्मांवर तोच गोल ओ वाचला होता. म्हणून सहाच्या कप्प्यात काही कार्डं पडत होती आणि म्हणून कुणाला संशय आला नाही. माझ्या वाट्याचे सगळे ओ गटाचे लोक त्या हजारो न तपासलेल्यांच्या ढिगात जाऊन बसले होते. यंत्रानं त्यांना सोडलं नव्हतं. आम्ही अक्षर मागत होतो आणि मी आकडा लिहून ठेवला होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

मी कार्ड घेऊन धावले. वाइंडिंग खातं आवाराच्या पलीकडच्या टोकाला. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली फरशी. आत शिरले तेव्हा मशीनं नुकती सुरू झाली होती. जॉबर म्हणजे खात्याचे मुकादम मल्लय्या, त्यांना ओरडून विचारलं, "४१०७ कोण?" त्यांनी बोट दाखवलं.

तीच बाई. तेच हिरवं लुगडं, तेच गोंदण. मला हायसं वाटलं. मी तिचा हातच धरला. "अहो, तुम्ही मघाशी आला होता की! तुमचं बरोबर होतं. चला, डॉक्टरांकडं चला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मल्लय्यांकडं बघून म्हणाली, "नाकु तेल्वदु."

"माहीत न्हाय म्हणते," मल्लय्या म्हणाले. "बाई, तिला मराठी येत न्हाय. लग्न होऊन तेलंगणातनं आली, दीड वर्ष झालं. 'हो' आणि 'नको' एवढंच येतं तिला."

"पण आत्ता मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलली ना ती! मशीन रूममध्ये!"

"कुटं? ती हितंच हाय की सकाळपास्नं. सुट्टीत त्या भिंतीला टेकून बसलेली. अंगात थंडी भरलीय म्हणत होती." मल्लय्या हसले. "सोलापुरात, मे महिन्यात थंडी! मीच माझा टावेल दिला पांघरायला."

तो टॉवेल तिच्या खांद्यावर होता. मला वाद घालायला वेळ नव्हता. मल्लय्यांनी तिला तेलुगूत सगळं समजावलं. ती लगेच निघाली, पदरानं हात पुसत. पण उठून उभी राहिली तेव्हा मला दिसलं. पाचवा महिना असेल.

मिलच्या डॉक्टरांनी मान हलवली. "हिचं रक्त मी घेऊ शकत नाही. दोन जीव आहेत." तिचं बोट टोचून त्यांनी गट मात्र पुन्हा तपासला. ओ निगेटिव्ह. फॉर्म बरोबर होता, कार्ड चुकलं होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आणि ही स्वतः अशी असताना मला कुणी सांगितलं नाही? हिच्या बाळंतपणालाही सांभाळावं लागेल."

मी मिलच्या दवाखान्याच्या बाकावर बसले. सव्वादोन वाजले होते. एवढं धावून हाती काय आलं, तर जिचं रक्त घेता येत नाही अशी एक बाई. मला रडू फुटलं. नरसव्वा शेजारी बसून माझ्या पाठीवर हात फिरवत होती, तेलुगूत काहीतरी म्हणत होती. आणि मला ते शब्द आठवले. आमी आकड्यात न्हाय. *आमी*.

आपल्याकडं बाई एकटी असली तरी स्वतःला 'आमी' म्हणते, त्यामुळे माझं लक्षच गेलं नव्हतं. पण तिला एकटीलाच थोडं शून्यात घातलं होतं मी? माझ्या वाट्याचे सगळेच त्या ढिगात होते! आणि ते शोधायचे कसे, हे तर समोर होतं. ज्यांची खरोखर तपासणी झाली नाही त्यांच्या बासष्टाव्या रकान्यातही शून्यच असणार. ज्यांचं कार्ड मी चुकवलं, त्यांच्या एकसष्टाव्यात शून्य, पण बासष्टाव्यात एक किंवा दोन. पूर्ण ढीग एकदा बासष्टाव्यावर फिरवला की झालं.

इतकं सोपं. पण तोवर सुचलं नव्हतं ते नव्हतंच.

परत धावत मशीन रूम. साहेब आले होते, सगळीकडून नकार घेऊन. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्यांनी कोट काढून खुर्चीवर फेकला आणि स्वतः गठ्ठे उचलून माझ्या हातात द्यायला लागले. एकदा यंत्रात कार्ड अडकलं, चुरगळलं. साहेबांनी पट्टीनं ते काढलं. मी नुसती निगेटिव्हच्या कप्प्याकडं बघत होते. हजार झाली... दोन हजार... एक कार्ड पडलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं.

पहिलं कार्ड एका विणकराचं. खात्यात फोन केला. तो अक्कलकोटकडं गावाला गेलेला, आठ दिवसांची रजा. दुसरं, बॉयलर हाऊसमधला फायरमन. नाव इराप्पा. पाळी पहिली. राहणार होटगी.

साहेबांनी घड्याळ बघितलं. तीन पंचवीस. साडेतीनला पहिली पाळी सुटायची आणि होटगीची माणसं सुटल्या-सुटल्या सायकली घेऊन पसार व्हायची. बॉयलर हाऊसला फोन नव्हता.

"फाटक!" साहेब म्हणाले.

मी, साहेब आणि गफूरचाचा, तिघं पळालो. चाचांचं वय साठीला टेकलेलं, पण ते सगळ्यांच्या पुढं. भोंगा झाला तेव्हा आम्ही फाटकाशी होतो. साहेबांनी टाइमकीपरला फाटक उघडू दिलं नाही. मग काय विचारता... हजारभर माणूस उन्हात अडलेलं. शिट्ट्या, आरडाओरडा. "काय चोरलंय का आमी?" "सोडा की ओ, घरला जाऊ द्या!"

टाइमकीपर स्टुलावर चढून ओरडला, "बॉयलरचा इराप्पा! इराप्पा कुटं हाय?"

कुणीच पुढं येईना. दोन मिनिटं गेली. शेवटी गर्दीतूनच एकानं सायकलींच्या मागं वाकलेल्या माणसाला दंडाला धरून पुढं आणलं. काळा, उंच, कोळशानं माखलेला. "साहेब, आज उशीर झाला व्हय, पण पंधराच मिन्टं," तो आधीच सांगायला लागला. "सायकल पंक्चर झालती."

"उशिराचं राहू दे," साहेब म्हणाले. "बाळंतीण बाई आहे. तुझं रक्त पाहिजे."

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग तोंड भरून हसला. "एवढंच व्हय? घ्या की. मला वाटलं कामावरनं काढताव." आणि मिलच्या जीपमध्ये बसता बसता मला म्हणाला, "पण बाई, मी तर तपासल्यालाच न्हाय म्हणं. टाइम आफिसात इचारलं तर म्हणले, तुझ्या कार्डावर शून्य हाय. मी म्हणलं, मग ती सुई कुणाला टोचली?"

मी मान खाली घालून बसले.

मंगलाच्या दवाखान्यात त्याचं रक्त तिच्याशी जुळवून बघितलं. जुळलं. सुई बघून मात्र तो गडी पांढरा पडला. गफूरचाचा त्याचा हात धरून बसले, "अरे इराप्पा, उधर नक्को देख, मेरे कू देख," म्हणत. सव्वापाचच्या सुमारास बाटली मंगलाला लागली. दिनकरराव भिंतीकडं तोंड करून उभे. मी जिन्यात. सातच्या आत डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "थांबलंय. आता पुण्याची बाटली येईपर्यंत काळजी नाही."

मी त्या जिन्यातच बसकण मारली. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. इराप्पाला कुणीतरी चहा आणि बिस्किटं दिली होती. तो दिनकररावांना विचारत होता, "पोरगी झाली का? ब्येस झालं."

मंगला तीन आठवड्यांनी घरी आली. तिची मुलगी आज पुण्यात आहे, तिलाच आता नात झाली.

दुसऱ्या दिवशीपासून मी दोन कामं केली. एक म्हणजे माझी चुकलेली सगळी कार्डं शोधून नव्यानं पंच केली. चाळीसच्या वर निघाली. आणि नर्सपासून टाइमकीपरपर्यंत सगळ्यांना सांगितलं की शून्य काढलं तर त्याच्या पोटातून तिरकी रेघ मारायची. पुढं मी कॉम्प्युटरवर काम केलं, नव्या पोरांच्या क्वेरी अडल्या की ती माझ्याकडं यायची. "मॅडम, डेटा आहे पण दिसत नाही." मी पहिलं हेच विचारायची की रकाना अक्षराचा आहे की आकड्याचा. दहातल्या नऊ वेळा तेच निघायचं.

दुसरं काम म्हणजे चौकशी. गफूरचाचांना विचारलं. ते दुखावलेच. "कोई नै आया, बाई. मैं इधरीच बैठा था, डबा भी इधरीच खाया. मेरे सामने से कौन जाता?" खोलीला दार एकच. खिडक्या बंद, एसीमुळे. वाइंडिंगमधल्या चार बायकांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, नरसव्वा सुट्टीभर भिंतीपाशी होती.

मग मी स्वतःला समजावायचा प्रयत्न केला. ताण होता, ऊन होतं, मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्या हिवाळ्यात ते कार्ड पंच करताना मनात कुठंतरी शंका आली असेल, ती अशी वर आली असेल. चालेल. पण मी नरसव्वाला त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. तिचं गोंदण, तिचं लुगडं मला कुठून माहीत? आणि हजारो कार्डांतला एक नंबर? आणि जी बाई आकडा ओळखत नाही, अक्षर ओळखत नाही, पगाराला अंगठा देते, ती मला येऊन आकडा आणि अक्षर यातला फरक सांगते? तोही मराठीत, आपल्या इथल्या बोलीत...

भाद्रपदात नरसव्वा बाळंत झाली. तिच्या घरच्यांनी तिला माहेरी पाठवायचं ठरवलं होतं, पण मिलच्या डॉक्टरांनी पाठवू दिलं नाही. गट माहीत होता म्हणून. बरं झालं. तिलाही रक्त लागलं, आणि होटगीहून सायकल मारत इराप्पाच आला. यावेळी त्यानं सुईकडं बघितलंही म्हणे. मुलगा झाला, दोघं सुखरूप. मी बघायला गेले तेव्हा तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, बस." तेवढं शिकली होती तोवर. मी मल्लय्यांच्या बायकोमार्फत तिला पुन्हा एकदा विचारलं. ती नुसती हसली. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

तेव्हापासून मनात येतं की जी कुणी आली होती ती मंगलासाठी आली होती, की नरसव्वासाठी? की दोघींसाठी?

मंगलाला मी हे सगळं एकदाच सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ती आली, तू ऐकलंस, मी इथं बसलेय. आता कोण होती ते कळून काय करायचंय?" आणि चहा टाकायला आत गेली. तिचं एका अर्थी बरोबर आहे. मला या गोष्टीची भीती कधीच वाटली नाही, उलट आठवली की बरंच वाटतं. पण सायन्सच्या मास्तरांची मुलगी मी, मला राहवत नाही.

त्या आठवड्यात हेड ऑफिसनं लेखी खुलासा मागवला होता. चूक काय होती, कुणाची होती आणि कशी सापडली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी खरीखुरी लिहिली, माझं नाव घालून. तिसऱ्यापाशी बराच वेळ पेन धरून बसले. पाटणकर साहेब समोर होते, त्यांना मी सगळं सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "लिहा, फेरतपासणीत आढळली."

मी तसंच लिहिलं. तो कागद मुंबईला गेला, फाइलला लागला, कुणी पुन्हा विचारलं नाही. ती खरंतर कशी आढळली हे मी आज पहिल्यांदा लिहितेय... आणि आजही त्या प्रश्नापुढं लिहायला माझ्याकडं दुसरं काही नाही.